समाप्तीची हुग्गी

आपली प्रेमकथा छापली जाणार, ही बातमी वाचकांना सांगायला जगदेवीला दोन दिवस धीर झाला नाही. वाचक म्हणजे खरे तर श्रोते: उदगीरच्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बायका आणि कंधार-उमरीकडे दिलेल्या त्यांच्या लेकी-बहिणी. दर सोमवारी ती एक प्रकरण वाचून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकत असे. मिलच्या शेडमध्ये ते मोठ्याने लावले जाई. शिवणकाम करून एकटीने जगणारी विधवा शिल्पा आणि एसटीचा वाहक बालाजी यांची ती गोष्ट आता शेवटच्या प्रकरणावर आली होती.

लातूरचे प्रकाशक शिवप्रसाद यांनी एक अट घातली होती. गटावरची सगळी ध्वनिमुद्रणे पुसायची आणि शेवट पुस्तकाआधी बाहेर येऊ द्यायचा नाही. तिचे बोलते पुस्तक, म्हणजे ऑडिओबुक, काढणाऱ्या कंपनीचा तसा आग्रह होता. जगदेवीने आनंदाच्या भरात होकार दिला. बायका पुस्तक विकत घेतील की, असे तिचा नवरा वीरण्णा म्हणाला. त्यातल्या निम्म्याजणींना वाचता येत नाही, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

तिसऱ्या दिवशी तिने सगळे सांगून टाकले: दिवाळीत पुस्तक येईल, ध्वनिमुद्रणे जातील, शेवट पुस्तकातच भेटेल. कंधारहून, उमरीहून अभिनंदने आली. मिलमधून दुपारपर्यंत काहीच आले नाही. मग गटावर यंत्राच्या घरघरीतून तिथल्या सर्वांत वडीलधाऱ्या सिद्धम्माचा आवाज आला.

"अक्का, पुस्तक निघून राहिलं, लई चांगलं झालं. पण पोथी अर्धी ठेवत न्हाईत. समाप्ती कर, मग काय छापायचं ते छाप."

"ही पोथी कवा झाली गं?" मागून कुणीतरी विचारले.

"पावसाळ्यापासून हात जोडून ऐकून राहिलो की," सिद्धम्मा म्हणाली.

"हात कुठं जोडले? डाळीत होते."

जगदेवीला हसू आले, पण ते टिकले नाही. लहानपणी मठात श्रावणभर पुराण चाले. एका वर्षी वाचणारे स्वामी आजारी पडले, तेव्हा तिच्या वडिलांनी उरलेले अध्याय बसून पुरे केले होते. ऐकायला बसवलेल्या माणसाला मध्येच उठवू नये, एवढेच ते म्हणाले होते. आणि तिने तर प्रत्येक सोमवारी नेमक्या उत्कंठेच्या जागी थांबून या बायकांना पुढच्या सोमवारपर्यंत बसवून ठेवले होते.

तिने शिवप्रसादांना फोन केला. शेवटचे प्रकरण मिलमध्ये जाऊन, समोर बसून वाचणार आहे, ध्वनिमुद्रण होणार नाही, असे सांगितले. ते समजावू लागले.

"ताई, एकीनं जरी मोबाइल चालू ठेवला, तर कंपनी हात काढून घेईल. मग नुसतं छापील पुस्तक निघेल."

"ठाऊक आहे. तुम्हाला न सांगता करायचं नव्हतं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सिद्धम्माने सगळ्यांचे मोबाइल एका सुपात गोळा केले, वर आपला ठेवला आणि सूप बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवले. जगदेवी वाचू लागली. बालाजीने लातुरात खोली घेतलेली असते. शिल्पा तिकडे जायला नकार देते आणि त्यालाच आपल्या गल्लीत राहायला बोलावते. ठरल्या दिवशी त्याची बस येत नाही. शिल्पा दारात उभी राहते, आत जाते, पुन्हा दारात येते.

"मेल्याची बस कव्हा येळेवर आली होती?" कुणीतरी डोळे पुसत म्हणाले.

बस आली. वाचन संपले, तरी कुणी उठेना. शेवटी सिद्धम्माने नारळ फोडला आणि पातेल्यातली गूळ घातलेली गव्हाची खीर, हुग्गी, द्रोणांत वाढायला घेतली.

द्रोण घेताना एक बाई अडखळत म्हणाली, "अक्का, माझी बहीण कंधारला हाय. ती बी पहिल्यापासून ऐकून राहिली. तिला तोंडानं सांगितलं तर चालंल का?"

दिलेल्या शब्दात हे बसते का, जगदेवीला ठरवता येईना. शिवप्रसादांना हेही कळवावे लागेल, एवढे मात्र तिने मनाशी ठरवले.

"सांग," ती म्हणाली. "फक्त, शिल्पा दुसऱ्यांदा दारात येते ना, तिथं जरा थांब. बस लगेच आणू नको."