कमरुन्निसाचा कमरपट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरपट्टा आहे. दागिन्यातला नव्हे, दुखऱ्या कमरेला बांधतात तो, काळ्या जाड इलॅस्टिकचा. माझ्या पाठीत लोखंडाच्या चार पट्ट्या शिवलेल्या आहेत. त्यामुळे मला वाकता येत नाही, आणि ज्याच्या कमरेला बसतो त्यालाही मी वाकू देत नाही.

कारखान्यातून निघाल्यावर आखाडा बाळापूरच्या एका मेडिकलमध्ये मी खोक्यात पडून होतो. एके दिवशी खाजा मिया घाईघाईने आले. त्यांची बायको कमरुन्निसा बाजारात बांगड्या विकायची. जीपमधून बांगड्यांची पेटी उतरवताना तिच्या कमरेत अशी उसण भरली, की तिला सरळ उभं राहता येईना. खाजा मियांनी मला घरी नेऊन तिच्या कमरेला आवळलं. ती भिंत धरून उठली, चार पावलं चालली आणि म्हणाली, "या पट्ट्यानं वाचवलं गं बाई!" मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात ते तिला एसटीनं हिंगोलीला घेऊन गेले. तिथे पुनम मॅडम मणक्यांवर हातानं उपचार करायच्या. त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, हे मी तिथेच ऐकलं. मॅडमनी कमरेचा एक्स-रे फोटो पाहिला, पाय उचलून तपासले, सांधे हलक्या हातानं मोकळे केले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "चाची, हा पट्टा दोनच आठवडे. तोही प्रवासापुरता."

दुसऱ्या खेपेनंतर कमरुन्निसाला एकदम हलकं वाटलं. आपण बरे झालो असं समजून दुसऱ्याच दिवशी तिनं घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, पाणी भरलं आणि बाजारात तीन तास मांडी घालून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला कूसही बदलता येईना.

खाजा मिया घाबरले. "त्या मॅडमनं बिघडवलं. आता जायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी मला पहिल्यापेक्षा घट्ट आवळलं.

मित्रांनो, दोन आठवड्यांचे चार महिने झाले. उन्हाळ्यात घामानं तिच्या कातडीवर पुरळ उठलं. तिला पोटभर श्वासही घेता येईना. माझ्याखाली तिचे स्नायू दिवसेंदिवस सैल पडत होते, कारण त्यांचं काम मी करत होतो. मला ते कळत होतं. पण सांगणार कसं? खाजा मियांचा जीव तिच्यात होता. "उठू नको, वाकू नको, मी आहे ना," म्हणत ते तिला हातात पाणी आणून द्यायचे. त्या मायेनंच ती खाटेला खिळली. बाजाराच्या दिवशी दारावरून जाणाऱ्या बायकांचे आवाज ऐकत ती छताकडे बघत राहायची. मी तिला सोडत नव्हतो, आणि तीही भीतीपोटी मला सोडत नव्हती.

मग शेजारच्या पुजाचं लग्न ठरलं. तिच्या आईच्या लग्नात कमरुन्निसानंच चुडा भरला होता. पुजाही चुडा भरून घ्यायला हौसेनं तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसली. कमरुन्निसा खाली बसू लागली, तर माझ्या पट्ट्या बरगड्यांत रुतल्या. ती अर्ध्यातच थांबली. शेवटी पुजाला दुसरीकडून चुडा भरून घ्यावा लागला.

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अजी, मला हिंगोलीला न्या. दुखलं तर दुखू द्या. पर असं कोंडून न्हाई राहायचं मला."

मॅडमनी आधी विचारलं, "पाय बधिर होतो का? पायातलं बळ गेलंय का? लघवीची काही तकलीफ?"

"न्हाई. पर मॅडम, एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. असं काहून होऊन राहिलं?"

"बरं होणं सरळ रेषेत होत नाही, चाची. बरं वाटलं त्या दिवशी तुम्ही चार दिवसांचं काम केलंत. बरेच दिवस न वापरलेले स्नायू कामाला लागले की ठणकतात. झोप कमी झाली, भीती वाटली, तरी दुखणं वाढतं. दुखलं म्हणजे दर वेळी काही मोडलं असं नसतं. कालच्याशी ताडून बघू नका, महिन्याभरापूर्वीच्याशी बघा." मग त्या खाजा मियांकडे वळल्या. "आणि चाचा, त्यांना थोडं चालू द्या."

खाजा मिया खाली मान घालून म्हणाले, "बराबर आहे."

त्या दिवसापासून मला रोज थोडा थोडा वेळ कमी बांधू लागले. व्यायाम सुरू झाला. कधी ती मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायची, तर कधी अंगणातूनच परतायची. दोन महिन्यांनी ती पुन्हा बाजारात बसली. पण स्टुलावर, आणि अधूनमधून उठून चालत.

एका सकाळी पुन्हा कळ आली. खाजा मिया मला घेऊन धावले. तिनं हात आडवा केला. "ठेवा तो. आज जरा हळू जाते, पर जाते."

मित्रांनो, दुखणं कधी वाढेल, कधी उतरेल. एका वाईट दिवसानं धीर सोडू नका. पाय बधिर झाला, लुळा पडला किंवा लघवीचा त्रास झाला, तर मात्र तडक डॉक्टर गाठा. आणि मला सांगितले तेवढेच दिवस बांधा.

आता मी कपाटात जुन्या कपड्यांखाली आहे. इथे अंधार आहे, हवा नाही. पण आज बाजाराचा दिवस आहे, आणि या घरात कोंडलेला मी एकटाच आहे.