बटणाएवढा तेजोमेघ

"दिवसा कापडावर डुलक्या आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण!" सासूबाईंनी कोटाच्या दोन्ही बाह्या कापणीच्या टेबलावर आपटल्या. "बघ काय झालंय. दोन्ही डाव्या. गिऱ्हाईकाला उजवा हात नाही की काय?"

सून टाचण्या गोळा करत होती. तिने बाह्यांकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या कात्रीकडे. इस्त्री करणारा सासूबाईंचा मुलगा मान खाली घालून तीच ती घडी पुन्हा दाबत राहिला. कापड पसरून द्यायचं सुनेनं आणि कात्री चालवायची ती सासूबाईंनीच, हा दुकानाचा कायदा होता. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईनं नवऱ्यामागे भल्याभल्यांच्या पाठी मापल्या होत्या. कोट कधी फुकट गेला नव्हता. आता लागोपाठ हा दुसरा.

"कापड उलटं ठेवलं असशील. झोपेतच असतेस!"

"सुलटंच ठेवलं होतं, आई."

"म्हणजे मी आंधळी?"

इस्त्री थांबली.

"ती नळी आज अडगळीत गेली पाहिजे. नाहीतर कापड पसरायला मी दुसरी बाई बघते."

"टाकते," सून म्हणाली. "पण एकदा डोळा लावून बघा. मग खुशाल टाका."

शटर ओढल्यावर सासूबाई भिंतीला तळवा घासत जिना चढल्या. हात द्यायला आलेल्या सुनेला त्यांनी कोपरानंच बाजूला केलं. गच्चीवर तीन पायांवर उभी असलेली दुर्बीण त्यांनी चाचपून पाहिली.

"एवढ्या थाटात उभी आहे! काय दाखवते?"

"एक छोटा तेजोमेघ. म्हातारा तारा आहे, अंगावरचं सगळं एकेक उतरवतोय, आणि त्याचीच प्रभा त्याच्याभोवती पसरलीय. शेजारी एक सर्पिल दीर्घिका आहे, म्हणजे ताऱ्यांचं भलंमोठं भोवऱ्यासारखं गाव. दिसतात शेजारी, पण तो आपल्या जवळचा आणि ती त्याच्या कितीतरी पलीकडे."

"मग कसला शेजार! तोंडदेखला."

सून हसली. "आता नीट ऐका. सरळ बघितलं की दोन्ही लपतात. नजर कडेला ठेवायची आणि लक्ष मधे. लगेच नाही जमत. मला जमायला फार दिवस लागले. तुमच्या मुलाला तर अजून काळोखच दिसतो."

"त्याला ताटातलं मीठ दिसत नाही."

सासूबाई वाकल्या. मान किंचित तिरकी झाली, आणि श्वास घ्यायच्या आत त्या म्हणाल्या,

"हा काय! कोटाच्या बटणाएवढा. गोल, धुरकट. म्हातारा असून किती टापटीप! आणि त्याच्या अंगाला ती तुझी दीर्घिका. खडूचा हात पुसावा तशी."

"दोन्ही दिसली?" सुनेचा आवाज उंचावला. "इतक्यात?"

"त्यात काय एवढं? मधे कुठं काय दिसतं माणसाला? कडेनंच बघायचं असतं. मी तर कधीची तशीच बघते."

दुर्बिणीच्या स्क्रूवरची सुनेची बोटं थबकली. सासूबाईंचा डोळा काचेलाच होता, पण आपण काय बोलून गेलो ते त्यांना उशिरानं कळलं असावं. त्यांनी पदर उगाच सारखा केला.

खालून मुलगा ओरडला, "जेवायला येताय, की वरच पोट भरणार?"

"आलो रे!" सुनेनं उत्तर दिलं. मग दुर्बिणीवर कापड टाकत, जणू आत्ताच आठवल्यासारखं, ती म्हणाली, "उद्या मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. हल्ली काजं करताना पाणी येतं डोळ्यांत. एकटीला तिथं कंटाळा येतो. सोबतीला याल?"

"तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"बघतील ते. आलात तर तुमचेही बघतील, बसल्या बसल्या."

सासूबाईंनी दुर्बिणीवरचं कापड चाचपून नीट केलं. मग त्यांनी आपणहून सुनेचा दंड धरला आणि जिन्याच्या तोंडाशी थांबल्या.

"ऐक. आतल्या गाठीची आहेस तू," त्या म्हणाल्या. "सगळं दिसतं तुला आणि तोंडातून एक अक्षर काढत नाहीस. असल्या बाईचा काही नेम नाही. उद्यापासून कात्री तूच धर. मी शेजारी बसून चुकलं तिथं बोट ठेवीन, एवढं ध्यानात ठेव."