डांबर चिठ्ठीत नव्हतं

बोर्गहिल्ड दुखरी कंबर डॉक्टरला दाखवायला चार दिवस बर्गन शहरात गेली. जाताना शेजारी राहणाऱ्या भावाच्या, टुर्लाइव्हच्या, फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली. घरामागे तिच्या मांजरीचं, मुस्साचं, जाळीघर होतं: सहा खांब, भोवती आणि वर जाळी, चढायला फळ्या. हिवाळ्यानंतरची त्याची कामं चिठ्ठीत होती.

*सडकी पानं काढ.*

काढली. दोन ढकलगाड्या भरल्या.

*बर्फाच्या ओझ्याने जाळी कुठे फाटलीय का बघ.*

दोन जागी फाटली होती. मासेमारीची जाळी विणण्यात त्याचा जन्म गेला होता. ते काम पाऊण तासाचं.

*फळ्या साध्या साबणाने धू.*

धुतल्या. पण वाळल्यावर त्या करड्या, उघड्या फळ्या बघून त्याला राहवेना. फ्योर्डकाठच्या, समुद्राच्या खाडीवर राहणाऱ्या माणसाने मे महिन्यात लाकूड उघडं ठेवायचं म्हणजे चारचौघांत फाटकं नेसणं. नावेला लावून उरलेलं पाइनचं डांबर होतंच. त्याने ते कोमट केलं, दोन हात मारले. बोर्गहिल्ड खूश होईल म्हणाला.

चिठ्ठी साबणापाशीच संपत होती.

चौथ्या दिवशी सकाळी मुस्सा काळे झालेले पंजे चाटत बसलेली दिसली. त्याने चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: पोटात गेल्यास विषारी. मग डबा होडीघरात ताडपत्रीखाली सरकवला. थोडंसंच तर चाटलंय.

दुपारी बोर्गहिल्ड आली, मुस्सासाठी बाजारातली कोळंबी घेऊन. तासाभरात मांजरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले.

इथे सांगता आलं असतं.

तो गाडी काढायला धावला. प्राण्यांची डॉक्टर फ्योर्डपलीकडे, म्हणजे मध्ये फेरीबोट. धक्क्यावर रांगेत थांबल्या थांबल्या बोर्गहिल्डने डॉक्टरला फोन करून कोळंबीचं सांगितलं. शिळी असेल म्हणाली. पंजांचं काळं तिला चिखल वाटलं होतं.

"माझेच लाड नडले," फोन ठेवून ती त्याला म्हणाली. "हो ना रे?"

"असेल," टुर्लाइव्ह म्हणाला.

असेल.

बोट लागली, गाडी आत गेली, बोटीचं मागचं दार वर उचललं गेलं. मांडीवरच्या टॉवेलात मुस्साला झटका आला. बोर्गहिल्ड तिच्या कानाशी माफी मागायला लागली. कोळंबीबद्दल, एकटं टाकून गेल्याबद्दल. ते ऐकणं त्याला झेपेना.

"कोळंबीने नाही झालं. मी फळ्यांना डांबर लावलं."

बोर्गहिल्डने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरचा नंबर पुन्हा लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. "तूच सांग. माझ्या तोंडून नको."

त्याने सांगितलं. डॉक्टर भराभरा बोलली: पंजांना खायचं तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, बोटीवरच, आत्ता, आणखी चाटू देऊ नका. कोळंबीच बाधली असं धरून तिने वेगळंच औषध काढून ठेवलं होतं.

"तुम्हाला हे कळलं कधी?" तिने विचारलं.

गाडीत फोनचा आवाज मोठा होता. बोर्गहिल्डचा हात मांजरीच्या पाठीवर थांबला.

"सकाळी," टुर्लाइव्ह म्हणाला.

मग तो उतरला आणि तेल आणि साबण मागायला बोटीच्या वरच्या उपाहारगृहाकडे जिना चढू लागला. मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. फेरी अजून मध्यावरच होती.