तळातलं कापड

थोरल्या भाऊजींनी मागितलं ते काही जगावेगळं नव्हतं. पोराचं एक वापरलेलं कापड. सदरा, पँट, बनियन, काहीही चालेल, फक्त अंगाला लागलेलं हवं. परवा सकाळचा मुहूर्त निघालाय, पेटी तयार आहे, उद्या खड्डा खणतील.

रुईपिंग चुलीपुढे राळ्याची पेज ढवळत होती. "देते की," म्हणाली. आणि मग डाव हातातच राहिला. घरात श्वानलाओचं एकही कापड नव्हतं.

श्वानलाओ तिचा एकुलता मुलगा. त्याच्या आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली म्हणून हे नाव ठेवलेलं. अर्थ, घट्ट बांधून ठेवलेला. शान्शी प्रांताच्या या कोरड्या डोंगरांत वाढलेला पोरगा, गावच्या हौदापलीकडे पाणी कधी बघितलं नाही, आणि बाविसाव्या वर्षी उठून समुद्रात मासे धरायच्या मोठ्या जहाजावर कामाला लागला. त्याला चार वर्षं झाली. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या कचेरीत दोन माणसं आली, बुटांवरची धूळ झटकत. लाट आली म्हणाले. डेकवरून गेला. शोधलं, सापडला नाही. रुईपिंगने विचारलं, त्याचं सामान तरी? तर जहाज अजून तिकडेच आहे, बंदराला लागेल तेव्हा पाठवू, वर्ष-दीड वर्ष धरा. म्हणजे पोरगा गेला आणि जहाज आपलं मासे धरतच राहिलं.

प्रेत नसलं की कपडे पुरायचे, ही इथली जुनी रीत. कपड्याच्या मागोमाग माणूस घरी येतो आणि मातीत निजतो. नाहीतर जिथे गेला तिथेच भटकत राहतो. आणि तिकडे तर पाय टेकायला जमीनही नाही. रुईपिंगला दुसरं काही नको होतं. पोरगा पाण्यातून बाहेर यावा, एवढंच.

"सगळे कपडे गेले कुठे?" भाऊजींनी विचारलं.

तिने पेटाऱ्यातून चार जोडे काढले आणि त्यांच्यापुढे मांडले. काळ्या कापडाचे, पांढऱ्या जाड तळाचे, एकदाही न घातलेले.

इथे कापड कोणी फेकत नाही. सदरा फाटला की उसवायचा, शिवणी आणि कॉलर कापून टाकायची, सपाट तुकडे धुवायचे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, जुनं दार काढून आडवं टाकायचं आणि त्यावर तुकड्यावर तुकडा खळ लावून चिकटवत जायचं. उन्हात कडक झालं की पायाच्या मापाने कापायचं. असे थर एकावर एक रचायचे आणि आरीने भोकं पाडून अंबाडीच्या दोऱ्याने शिवायचं, इतकं दाट की तळावर तांदूळ टाकला तर दोन टाक्यांच्या मध्ये बसणार नाही. एका जोड्याला महिना जातो.

श्वानलाओ निघाला त्या दिवशी तिने मुळ्याचं सारण भरून करंज्या उकडल्या होत्या. जाणाऱ्याला करंज्या, येणाऱ्याला शेवया, हेही इथलंच. करंजी म्हणजे नीट बांधलेलं गाठोडं, शेवई म्हणजे घरात पाय अडकवणारी दोरी. पहिल्या वर्षी कुठल्याशा बंदरावरून त्याचा फोन आला. आई, माझे जुने कपडे जाळून टाक, येताना सगळं नवं घेऊन येतो. जाळायला काय कापड वर आलंय, ती म्हणाली. तो हसला. तिने ते कपडे पेटाऱ्यातून काढले आणि त्याच्यासाठीच जोडे करायला घेतले. पायाचं कागदी माप जुन्या पंचांगात ठेवलेलं होतंच. दर हिवाळ्याला एक जोडा. चार हिवाळे. शाळेच्या गुळगुळीत गणवेशाला खळ धरत नाही, तो तिने शेतातल्या बुजगावण्याला चढवला, उन्हावाऱ्याने त्याच्या चिंध्या झाल्या. स्वेटर उसवून त्याच्या बापाला बंडी विणली.

"बंडी चालणार नाही," भाऊजी म्हणाले. "ती आता धाकट्याच्या अंगाला लागलीय." मग एक जोडा उचलून उलटा केला. "हे त्याने घातलेत?"

"नाही."

"मग हा दुकानातला माल झाला. त्याला कसं कळणार, हे आपलं म्हणून?"

"आतलं कापड त्याचंच आहे भाऊजी."

"आत आहे ना? मग बाहेर काढ."

हे काही त्यांनी खेकसून सांगितलं नाही. अंगणातून बकरी हाकल म्हणावं तसं सांगितलं. मयताचं सगळं गावभर तेच बघतात, रडणाऱ्या बायका बघून बघून त्यांचा आवाजच तसा झालाय. जाताना मात्र दारात थांबले. जिवंत माणसाचा एक धागा त्यात जाऊ देऊ नकोस म्हणाले. ज्याचा धागा जातो त्याला वर्षाच्या आत बोलावणं येतं. धाकट्याची छाती कशी वाजते ते तुझ्या कानावर आहेच.

धाकटा म्हणजे देशेंग, रुईपिंगचा नवरा. तो तिथेच ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत होता. वीस वर्षं खाणीत दगड फोडला, आता धूळ छातीत जाऊन बसलीय. पोराची बातमी आल्यापासून तो बोलायचाच बंद झाला होता. खोकायचा तेवढा.

रुईपिंगने दाढीचं पातं घेतलं आणि पहिल्या तळाचा पहिला टाका कापला.

शिवताना टाका आवळून बसवलेला, दोरा मेणात ओढलेला. आता तो सुटता सुटेना. पात्याने कापायचा, चिमटीत धरून ओढायचा, मग पुढचा. तासाभरात बोटांना कापलं, तिने चिंधी गुंडाळली आणि चालू ठेवलं. दुपारपर्यंत दोन तळ झाले. शेजारीण तोंड दाखवायला आली, काय चाललंय ते बघून जागच्या जागी थबकली आणि हातातली कोबीची गड्डी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

थरांची खळ सुकून लाकूड झाली होती. तिने मोठ्या कढईत पाणी तापवलं आणि तळ त्यात सोडले. हळूहळू पाणी पांढरं झालं. शेवया काढल्यावर उरतं तसं. वासही तसाच, शिजलेल्या पिठाचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी जुन्या कपाटाचा. थर सुटायला लागले तसे ती एकेक उचलून पिळून दोरीवर टाकत गेली. सगळे तुकडे पावलांच्या आकाराचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोरी भरली, आणि वारा आला की तेवढी सगळी पावलं एकदम हलायची. देशेंगने एकदा मान वर करून बघितलं आणि पाठ फिरवून बसला.

वाळलेले तुकडे तिने ओट्यावर मांडले.

तुकडे बहुतेक निळे होते. आणि तिला आठवलं. दहा वर्षांपूर्वी बाजारातून तिने जाड निळ्या कापडाचा एकच ठाण आणला होता, स्वस्तात मिळाला म्हणून. त्यातून दोन सदरे बापाला बेतले, दोन पोराला. पुढे दुसऱ्या हिवाळ्यात जोड्याला कापड कमी पडलं, तर बापाचा विरलेला सदरा घेतला. तिसऱ्या हिवाळ्यात दुसराही. तेव्हा काय त्याचं? एका घरातलं कापड. पोराच्या पायाखाली बापाचा सदरा, उलट चांगलंच वाटलं होतं.

आता कुठला तुकडा कुणाचा?

तिने उजेडाला धरून बघितले. वास घेतला, तर सगळ्यांना पिठाचा वास. सणाच्या मूनकेक मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात बटणं होती, तीही एकाच पुड्यातली. श्वानलाओला डाव्या खांद्यावर घाम जास्त यायचा, पाण्याची कावड त्या बाजूला घ्यायचा म्हणून. पण इतक्या धुण्यात घामाचा डाग कुठला राहतोय. एका तुकड्यावर मात्र बारीक जळकं भोक सापडलं. नव्या वर्षाला तो फटाके उडवत होता, ठिणगी बाहीवर पडली होती, तिनेच पाणी ओतून विझवली होती आणि वर एक थोबाडीत दिली होती. तेवढा एक तुकडा नक्की त्याचा. तळहाताएवढा.

तो तिने बाजूला ठेवला. बाकीचे गोळा करून फडक्यात बांधायला लागली.

"कुठे ठेवतेस?" देशेंगने विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"हा एकच त्याचा आहे. बाकीच्यांत तुमचे मिसळलेत. ओळखू येत नाहीत."

"मग?"

"मग काय. एवढाच घालते पेटीत."

त्याने हातातलं कणीस खाली ठेवलं. उठून आला, तो तुकडा उचलला, भोकातून बोट घालून बघितलं. "एवढ्याशा चिंधीवरून कसा ओळखणार तो? एवढं पाणी. त्यातून वर यायचं." मग खोकला आला, तो थांबेपर्यंत ती वाट बघत राहिली. "सगळे शिव," तो म्हणाला. "सदराच कर."

"भाऊजी काय म्हणाले ऐकलंत ना?"

"ऐकलं. मी बहिरा नाही, गप्प आहे."

"मी नाही शिवणार."

"अगं, तो तिकडे कोणाला ओळखतो?" देशेंग म्हणाला. "पोहता येत नाही त्याला. लहानपणी हौदात पडला तर माझा गळा धरून बसला होता, सोडेना. आता कोणाचा धरणार?"

रुईपिंगने फडक्याची गाठ आवळली. पोरगा एकीकडे, हा माणूस दुसरीकडे, आणि सुई धरणार ती एकटीच. कुठला तरी एक हात सोडल्याशिवाय दुसरा धरता येत नव्हता. ती भाऊजींच्या रीतीवर भांडू शकली असती, जुनाट खुळ म्हणू शकली असती. पण त्याच रीतीवर भरवसा ठेवून तर ती पोराला पाण्याबाहेर काढत होती. अर्धी खरी आणि अर्धी खोटी अशी रीत नसते.

"छाती किती वर्षं चालायचीय माझी?" तो म्हणाला. "दोन? तीन? ती काय लोणचं घालून ठेवणारेस?"

त्याने स्वतःच सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो ओवला जाईना. तिने त्याच्या हातातून सुई काढून घेतली.

संध्याकाळपर्यंत सदरा झाला. पावलाला पाऊल जोडून केलेला. आधी टाच, तिला पुढच्याचा चवडा, मध्ये जिथे फट पडते तिथे लहान कातरण. अंगभर आरीची भोकं. जळकं भोक तिने छातीवर डावीकडे घेतलं. डब्यातली पाच बटणं लावली. फक्त कॉलर राहिली, तिला कापडच उरलं नाही. देशेंग डुकरिणीला बघायला बाहेर गेला. खळीचं पाणी तिने फेकलं नव्हतं, कोंडा घालून डुकरिणीला ठेवलं होतं. तो परत येईपर्यंत कॉलर लागलेली होती. त्याने काही विचारलं नाही.

सकाळी भाऊजी चार माणसं घेऊन आले. आईबापांनी जायचं नसतं. पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायचं नाही. पेटी अंगणात दोन बाकड्यांवर ठेवली. भाऊजींनी सदरा उलगडला, उन्हात धरला. भोकाभोकांतून ऊन पलीकडे गेलं. नेहमीचा आवाज त्यांना लागलीच सापडला नाही.

"सगळं त्याचंच ना?"

रुईपिंगचं तोंड उघडलं तेवढ्यात देशेंग म्हणाला, "त्याचंच."

भाऊजींनी धाकट्या भावाकडे पाहिलं. मग भावजयीकडे. मग सदरा घडी घालून पेटीत ठेवला, वर पायाचं कागदी माप ठेवलं आणि झाकण लावलं. पेटी इतकी हलकी की चौघांना पावलं जुळवता येईनात. त्यातला एक जण दबक्या आवाजात म्हणाला, रिकामा पाळणा नेल्यासारखं वाटतंय. भाऊजींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

ती माणसं टेकडीआड गेली तशी रुईपिंग आत आली आणि पीठ मळायला घेतलं. कबरीवरून येणाऱ्यांना जेवायला घालायचं असतंच. पण शेवयाच कर असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने पोळी लांबरुंद लाटली, घडीवर घडी घातली आणि सुरीने कापायला लागली. बारीक, लांब, मध्ये न तुटता. चुलीवर आधण उकळत होतं. देशेंग व्हिनेगरची बरणी आणि कांद्याची पात घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला.

शेवया झटकायला तिने हात वर केला तेव्हा तिचं कापूस भरलेलं जाकीट वर सरकलं. आतलं अस्तर अर्धवट होतं. पाठीच्या बाजूला वीतभर रुंद पट्टी कापलेली, कापूस बाहेर आलेला.

बरणी त्याने जपून खाली ठेवली.

"कॉलर," तो म्हणाला.

"उघडा गळा घेऊन येणार होता का तो एवढ्या लांबून," ती म्हणाली. मागे वळली नाही.

"मला वाटलं होतं मी एकटाच."

"तुम्ही एकट्यानेच जायचं आणि मी इथे मागे बसून राहायचं?"

आधण वर आलं. तिने शेवया सोडल्या आणि चिकटू नयेत म्हणून लांब काडीने मोकळ्या केल्या. बाहेर माणसं परतल्याचे आवाज आले, बूट आपटून माती झाडल्याचे. देशेंगने वाडगे मांडायला घेतले. माणसं पाच होती आणि ती दोघं. त्याने आठ मांडले. मग आठव्याकडे बघून उभा राहिला, उचलू की नको करत. रुईपिंगने तो उचलला, शेवयांनी भरला आणि दाराच्या बाजूला ठेवला. श्वानलाओला आवडायचं म्हणून व्हिनेगर जरा जास्तच घातलं.