वीजबाहूचा झिजलेला बूट

मी एक जुना तक्ता आहे. भूगोलाच्या आणि पाढ्यांच्या तक्त्यांवर परीक्षेत प्रश्न येतात, म्हणून त्यांच्याकडे निदान मार्चमध्ये तरी कुणी पाहतं. मी चांगुलपणाचा तक्ता. माझ्यावर आजवर एका मार्काचाही प्रश्न आलेला नाही. तरीही बोलतो. मित्रांनो, इतकी वर्षं खिळ्याला लटकून काढली की कागदाचीसुद्धा पाठ धरते, आणि पाठ धरलेल्याला बोलल्यावर जरा बरं वाटतं.

तुमच्या आजोबांच्या लहानपणी वीजबाहू नावाचा चित्रकथांमधला एक वीर फार गाजत होता. दर आठवड्याला तो एखादं फुटणारं धरण थोपवी, एखादा कोसळणारा पूल खांद्यावर घेई आणि शेवटच्या पानावर केससुद्धा न विसकटता हसत उभा राही. लाल झगा, पिवळे बूट, आणि चड्डी विजारीच्या वरून घातलेली. त्यावरून त्याला कधी कुणी टोकलं नाही. ज्याला ट्रक उचलता येतो, त्याला कपड्यांवरून कोण बोलणार?

मुलं घरच्यांचं ऐकत नसत, गुरुजींचं ऐकत नसत, पण वीजबाहूचं ऐकत. ही गोष्ट शिक्षण खात्यातल्या कुणाच्या तरी ध्यानात आली. जे आपण सांगून मुलांच्या गळी उतरत नाही, ते याच्या तोंडून वदवावं, असं ठरलं. अशा रीतीने माझा जन्म झाला.

माझ्यावर वीजबाहूने एका हाताने ट्रक उचलून धरला आहे. दुसरा हात त्याने शाळेतल्या मुलांच्या घोळक्यावर धरला आहे. घोळक्यात कुणाचे केस कुरळे, कुणाचे सरळ. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या रुमाल. एक मुलगी कुबडी घेतलेली. वीजबाहूच्या तोंडातून फुगा निघाला आहे आणि त्यात लिहिलं आहे : 'मित्रांनो, रंगावरून, भाषेवरून, देवावरून वर्गातल्या कुणालाही हिणवू नका. इथे सगळे आपलेच आहेत!' हे वाक्य बोलताना ट्रक कशाला उचलावा लागतो, ते मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हापासून त्याने तो खाली ठेवलेला नाही.

त्या काळी छापखान्यात एकेक रंग वेगळा छापत. आधी निळा, मग लाल, मग पिवळा, शेवटी काळा. माझ्यावर निळा बसला आणि नेमका एक कागदाचा कपटा उडत येऊन घोळक्यातल्या एका मुलाच्या अंगावर चिकटला. लाल आणि पिवळा त्या कपट्यावरच छापले गेले, आणि काळ्याची पाळी आली तेव्हा तो गळून पडला. बाकीची मुलं माणसांच्या रंगाची झाली. तो एक डोक्यापासून पायापर्यंत निळा राहिला.

"मालक, हा पोरगा दौतीत बुचकळून काढल्यासारखा झालाय," मशीनमन म्हणाला.

"टाक रद्दीत."

"पण गठ्ठ्यात एक तक्ता कमी पडतोय."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवून मला पाहिलं. "मग जाऊ दे याला लांबच्या शाळेत. तिथं कोण बघतंय?"

लांबच्या शाळेत मुलांनीच बघितलं. मुलांची नजर फार वाईट असते हो. मला पाण्याच्या नळांशेजारच्या भिंतीवर लावलं त्याच दिवशी फुगा कुणी वाचला नाही, पण निळा मुलगा सगळ्यांनी पाहिला. आणि वर्गात जो कुणी नवा, वेगळा, बावळट किंवा नुसताच एकटा असेल, त्याला 'निळ्या' म्हणायची पद्धत पडली.

पुढे या पद्धतीचा खेळ झाला. निळ्याला चुकून धक्का लागला की आपल्यालाही 'निळं लागतं'. ते उतरवायचा उपाय एकच : धावत यायचं आणि वीजबाहूच्या बुटाला हात लावायचा. मग तुम्ही साफ. मोठी मुलं हे धाकट्यांना शिकवत आणि ती पुढच्यांना. शाळेत एवढ्या निष्ठेने दुसरं काहीच शिकवलं गेलं नाही. हात लागून लागून वीजबाहूचा डावा बूट झिजला. पिवळा होता, तो पांढरा पडला.

गंमत म्हणजे माझा सगळ्यात मोठा गौरव झाला तो त्या बुटामुळेच. एकदा तपासणीला साहेब आले होते. मधल्या सुट्टीत मुलं धावत येऊन बुटाला हात लावताना त्यांनी पाहिली आणि खिशातलं पेन काढलं.

"वा! पाणी पिण्याआधी मुलं आदर्शाच्या चरणांना स्पर्श करतात!"

"आम्ही काही शिकवलं नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "सगळं आपोआप!"

साहेबांनी शेरा लिहिला. त्यानंतर येईल त्या पाहुण्याला बाई आधी माझ्यापुढे आणीत आणि बूट दाखवीत. मी काय बोलणार? मला एकच वाक्य दिलेलं, आणि तेही कुणी वाचत नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. निळे आले, निळे गेले. मग एका वर्षी एक नवी मुलगी आली.

तिचे वडील पुलांच्या कामावर वेल्डर होते. पूल झाला की घर हलायचं. म्हणून तिच्या बोलण्याला दोन-तीन ठिकाणची चाल होती. वर्गात धडा वाचायला उभी राहिली तर मुलं शेवटचा शब्द तिच्याच चालीत गाऊन म्हणत. वर्गात भोंगा नावाचा एक मुलगा होता. हे नाव त्याला त्याच्या आवाजामुळे पडलं होतं. तो म्हणाला, "निळी!" आणि ते अख्ख्या शाळेला ऐकू गेलं.

नळ माझ्याशेजारीच, त्यामुळे मला सगळं दिसे. ती रांगेत उभी राही. तिच्या पुढचे आणि मागचे लांब सरकत. तिने नळाला हात लावला की त्या नळावर कुणी येत नसे. 'नळ निळा केला!' असा ओरडा होई, आणि बाटली रिकामीच घेऊन ती परत फिरे. जाताना निळ्या मुलाकडे एकवार बघे. शेजारी राहणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघतात ना, तसं.

उन्हाळा लागला. दिवसभर पाणी न पिता बसलेली मुलगी एके दिवशी कवायतीत चक्कर येऊन पडली. तिला उचलायला धावले गुरुजी आणि शिपाईमामा. मुलं धावली ती बुटाकडे.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वडील आले. हातावर ठिणग्यांचे डाग, अंगावर कामाचाच शर्ट. "दाखला द्या बाई," ते म्हणाले. "पुलाचं काम वर्षभर चालेल. पण माझी पोरगी इथं तहानेनं मरायला नको."

"अहो, पण शाळेत पाच नळ आहेत!"

"ते हिला विचारा."

मुलीने खाली मान घालून सगळं सांगितलं. अगदी बुटापर्यंत. मोठ्या बाईंचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. इतकी वर्षं जे पाहुण्यांना दाखवलं, ते काय होतं, हे त्यांना त्या क्षणी समजलं.

पण मित्रांनो, मोठ्या माणसांची एक सवय असते. मुलांचं काही चुकलं की ती आधी भिंत दुरुस्त करतात. चित्रकलेच्या सरांनी माझ्याकडे पाहून लगेच निदान केलं. "दोष या तक्त्यात आहे. हा निळा पोरगाच मुळाशी आहे. त्याला तपकिरी करून टाकतो. निळाच राहिला नाही तर निळी कोण म्हणणार?"

बाईंना ते पटलं. सरांनी वाटीत रंग कालवला. मधली सुट्टी झाली होती; मुलं दाटीवाटीने उभी राहिली. मुलगी दप्तर पाठीला लावून वडिलांचं बोट धरून उभी. सरांनी ब्रश उचलला. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. जन्मभर वागवलेला डाग एकदाचा जाणार होता.

"सर, त्याला रंगवू नका," मुलगी म्हणाली.

"का गं? तुझ्याचसाठी करतोय."

"तो गेला, तर निळी मी एकटीच उरेन."

ब्रशवरून एक थेंब सरांच्या चपलेवर पडला.

वडील म्हणाले, "चल बाळा. जाऊ आपण."

"थांबा जरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिपाईमामा, माझी खुर्ची आणा."

खुर्ची आली. बाईंनी ती माझ्यापुढे भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पाठीमागे वीजबाहूचा बूट पूर्ण झाकला गेला. आता बुटाला हात लावायचा, तर मोठ्या बाईंना बाजूला सारावं लागणार होतं. तसा वीर त्या शाळेत नव्हता.

बाईंनी मुलीपुढे हात केला. "लाव मला."

"काय, बाई?"

"निळं. कसं लावतात ते मला येत नाही."

मुलीने वडिलांकडे पाहिलं, मग भीत भीत बाईंच्या तळव्याला एक बोट लावलं. बाईंनी तोच हात भोंग्याच्या खांद्यावर ठेवला. "काय रे, चढलं का?"

भोंगा मागे सरकला तो मागच्या दोघांना घासून. ते दोघे आणखी चौघांवर आदळले. सगळे सवयीने बुटाकडे वळले. बूट बाईंच्या पाठीमागे.

"बाई, तुम्ही उठणार कधी?" भोंग्याने विचारलं.

"माझं वय झालंय बाळा. एकदा बसले की उठवत नाही."

त्या आठवड्यात बाईंनी कचेरीचं काम त्याच खुर्चीवर बसून केलं. कुणाच्या डोक्यावर हात ठेव, कुणाची कॉलर नीट कर, वह्या तपासून स्वतःच्या हाताने परत दे. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग निळा झाला, मग अख्खा. मग शेजारचा वर्ग, गुरुजी, शिपाईमामा, आणि चपलेवर तपकिरी ठिपका असलेले चित्रकलेचे सरही. कुणालाच उतरवता येईना. आणि सगळेच निळे असताना पळायचं कुणापासून? शनिवारी मुलं कंटाळून दुसराच काहीतरी खेळ खेळू लागली.

वडिलांनी दाखला नेला नाही. मुलीने नळावर बाटली भरली. मागून भोंगा ओरडला, "ए, आटप ना! आम्हाला पण तहान लागलीय!" एवढं गोड बोलणं त्या मुलीने त्या शाळेत आधी ऐकलं नव्हतं.

पूल झाला आणि ती गेली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. पुढे कुणी जाणकार आले आणि मी दुर्मीळ आहे असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी आधी ठरवलं असतं तर वाळवीने माझा कोपरा खाल्ला नसता. आता मी ग्रंथालयात काचेमागे असतो. खाली 'जुना ठेवा' अशी पाटी आहे. बुटाला आता कुणाचा हात पोचत नाही. पण खिडकीतून नळ दिसतात. 'निळ्या' हा शब्द गेला. मुलांनी नवे शोधलेत. दर वर्षी एखादी बाटली रिकामीच परत जाताना दिसते, आणि मी आपला तेच वाक्य तोंडात धरून उभा. दमलो आहे, मित्रांनो.

म्हणून एवढंच मागतो. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. मधल्या सुट्टीत नळापाशी जा आणि कोण पाणी न पिता मागे फिरतंय, तेवढं बघा. कुणी दिसलं, तर वीजबाहूला बोलवायला इकडे धावू नका. त्याच्या हातात ट्रक आहे.