ऊनखाऊ महाराजांचं पाणी

उजाडायच्या आत त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. पाण्याच्या टाकीवर माणसं, कठड्यावर माणसं, जिन्यात तर एकमेकांच्या पायावर पाय. कोवळं ऊन महाराजांच्या कपाळावर पडलं आणि गर्दीने एकदम श्वास रोखला. महिना झाला, हा माणूस अन्नाचा कण खात नव्हता म्हणे. गाल मात्र लोण्याच्या गोळ्यासारखे!

"ऊन हेच अन्न!" महाराज गरजले. "झाड कधी जेवायला बसलेलं पाहिलंत? त्याला ऊन चालतं, मग आपणच काय घोडं मारलंय? तोंड उघडा, किरण गिळा, वर घोटभर पाणी!" असं म्हणून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी घटाघटा ढोसलं. ही बाटली फक्त त्यांची. भक्तांच्या बाटल्या वेगळ्या, कारण महाराजांचं तेज साध्या माणसाला झेपायचं नाही.

मागच्या फलकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: 'पान उन्हावर जगतं – शाळेच्या विज्ञानबाई.' ते वाचून विज्ञानबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पंधरवड्यापूर्वी थोरल्या बहिणीने ओढून आणलं, कुणीतरी हातात माइक दिला आणि बाई वर्गात बोलतात तसं बोलून गेल्या. पुढचं वाक्य 'पण माणसाला ते जमत नाही' हे होतं. तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या माणसांनी त्यांच्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या हसल्या आणि खाली बसल्या.

त्याच दिवसापासून ताईने अन्न सोडलं. मुळात ती काडीसारखी. काल जिना चढताना तिने बाईंच्या खांद्यावर हात टेकला आणि तिच्या श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास आला. अंगातली साखर संपून शरीर चरबी जाळायला लागलं की असा वास येतो. चरबी संपत आली की पाळी स्नायूंची, आणि हृदय हाही एक स्नायूच.

"ताई, दोन घास खा. तुझ्या पाया पडते."

"तूच सांगितलंस ना गं, सगळ्यांसमोर? आता मागे का फिरतेस?"

रात्रभर बाईंचा डोळा लागला नाही.

आज त्या मुद्दाम महाराजांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. वास? नावालाही नाही. महिनाभर उपाशी असलेल्या माणसाचा श्वास पोटभर जेवलेल्या माणसासारखा!

"महाराज," बाईंनी माइक घेतला. "विज्ञानाचा एक पुरावा लोकांना दाखवायचा आहे. तुमच्या बाटलीत नुसतं पाणीच ना?"

"नुसतं पाणी, बाई! सूर्यदेवाची शपथ!" आपल्याच पंगतीतली बाई म्हणून महाराज खुशीत होते. बाटली त्यांनी स्वतःच पुढे केली.

बाईंनी ती घेतली, शेजारी ताईची ठेवली. दोन्हींत बेकरीतून आणलेलं पाव फुगवायचं यीस्ट चमचा-चमचा टाकलं, हलवलं, तोंडाला एकेक फुगा चढवला आणि दोन्ही बाटल्या उन्हात ठेवल्या. महाराजांनी भजन सुरू केलं. भजन संपलं, प्रवचन झालं, ऊन चटके द्यायला लागलं. ताईचा फुगा मान टाकून पडला होता. महाराजांच्या बाटलीत फेस आला आणि त्यांचा फुगा हळूहळू ताठ उभा राहिला.

"तेज! महाराजांचं तेज!" गर्दीने जल्लोष केला. एका आजोबांनी तर फुग्यालाच हात जोडले.

"तेज नाही, आजोबा, साखर आहे," बाई म्हणाल्या. "यीस्ट म्हणजे जिवंत पेशी. त्यांना साखर मिळाली की त्या तिच्यातली ऊर्जा काढून घेतात आणि वायू सोडतात. ऊन दोन्ही बाटल्यांवर सारखंच पडलं. मग माझ्या बहिणीच्या पेशी उपाशी का राहिल्या? चाखून बघा."

आजोबांनी महाराजांच्या बाटलीचा फुगा काढला, तळहातावर थोडं पाणी घेतलं, चाटलं. "अरे, हा तर सरबत पितोय!"

महाराज 'ही बाई नास्तिक आहे' असं काहीसं पुटपुटत जिन्याकडे सरकले. पण जिन्यात माणसं होती, आणि ती आता वाट देईनात.

"थांबा, माझंही ऐका," बाई म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता, तरी त्यांनी मान खाली घातली नाही. "त्याने साखर लपवली, मी अर्धं वाक्य लपवलं. पानात हिरवं द्रव्य असतं, ते ऊन पकडतं आणि साखरेत साठवून ठेवतं. आपल्या पेशीत ते नाही. आपल्याकडे फक्त चूल आहे, सरपण झाडाने करून दिलेलं. ते घातलं नाही तर चूल घरच जाळायला घेते. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. टाळ्या गोड लागल्या म्हणून मी गप्प बसले."

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी महाराजांची बाटली दूर सारली, पिशवीतून घरून आणलेलं केळं काढलं, सोललं आणि ताईपुढे धरलं.

ताई म्हणाली, "त्या बुवावर माझा कुठे विश्वास होता गं? माझा विश्वास तुझ्यावर होता."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ताईने केळं घेतलं, पण लगेच तोंडात घातलं नाही. "आता हे का खायचं, ते सगळं नीट सांग. अर्धं नको."

बाईंनी तिथेच खाली बसून पहिल्यापासून सांगायला घेतलं. जाणारी माणसंही थांबली. वाचकहो, ताईचा तो प्रश्न तुम्हीही विचारा, बुवाला विचारा आणि बाईलाही विचारा. पुढचं वाक्य काय आहे, हे कळेपर्यंत टाळी वाजवू नका.