बहिणी: शून्य

तात्या निवृत्त बसचालक. लेक शिवणकाम करायची आणि तिचा खांदा धरला होता, म्हणून तिच्यासोबत ते दवाखान्यात आले. डॉक्टरांना भेटण्याआधी सिस्टरनं तिच्या हातात टॅब दिला. घराण्यात कुणाला काय आजार होते, ते त्यात भरायचं होतं. वडिलांकडच्या प्रश्नांशी लेक अडखळली आणि तात्यांनी टॅब ओढूनच घेतला. घराण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला? आई-वडील म्हातारपणानं गेले. भाऊ शून्य. बहिणी शून्य. सगळे ठणठणीत! लेकीला जमलं नाही ते तात्यांनी पाच मिनिटांत उरकलं.

"मी एकटा कमावता," ते सिस्टरला ऐकवू लागले, "तीन बहिणींची लग्नं लावून दिली."

सिस्टरनं टॅब परत मागितला. "तीन? इथे तर शून्य आहे."

"अहो, त्या दिल्या घरी गेल्या. त्यांचं तिकडच्यांनी भरायचं."

बाई हसली नाही, हा तिचा मोठेपणा. हे उत्तर तिनं किती बाप्यांकडून ऐकलं असेल कोण जाणे! खुर्ची ओढून ती तात्यांच्या शेजारी बसली. "लग्नानं आडनाव बदलतं तात्या, रक्त नाही बदलत. थोरल्या कशा आहेत?"

"गेली. बेचाळिसाव्या वर्षी. छातीत गाठ झाली होती."

"आणि मधल्या?"

तात्यांचा आवाज उतरला. "तिचंही तेच."

सिस्टर भरत गेली तशा पडद्यावरच्या वंशावळीत दोन चौकटी लाल झाल्या आणि त्यांच्याखाली लेकीची चौकट पिवळी. लेकीचं वय एकोणचाळीस. डॉक्टरांनी ते चित्र पाहिलं, खांदा बाजूला ठेवला आणि तिला त्याच दुपारी मॅमोग्राफीला पाठवलं. मसुराच्या दाण्याएवढी गाठ निघाली, हाताला कधी लागली नसती अशी. पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया झाली. वेळेत सापडली, डॉक्टर म्हणाले.

तात्यांनी सिस्टरला हात जोडले. त्या पाटीएवढ्या यंत्राचंही त्यांना मनापासून कौतुक वाटलं, पण स्वतःची भयंकर लाज वाटली. एका शून्यापायी आपण पोटची पोर घालवून बसलो असतो.

"धाकट्या बहीण आहेत ना अजून?" सिस्टरनं विचारलं. "त्यांनाही सांगा."

दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून तात्यांनी नंबर लावला. कुणाचं काही बरंवाईट झालं तरच ते तिला फोन करत.

"दादा?" पलीकडून घाबरा आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तुझी तपासणी करायचीय. तयार राहा, मी न्यायला येतोय."